चष्मेवालीचं पुढे काय झालं

बसस्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसणाऱ्या बाईचं तोंड फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं, पण तिचा आवाज मात्र लहानथोरांच्या कानात पक्का बसला होता. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," असं ती म्हणाली की बाकावर घोरणारा माणूससुद्धा पिशवी सावरायला लागायचा. तिला सगळे भोंगाबाई म्हणत. हे नाव तिच्या सख्ख्या थोरल्या भावाने ठेवलेलं. ते घरातून स्टँडवर कसं पोचलं देव जाणे, असं ती म्हणायची; पण दादाचं सायकल दुरुस्तीचं दुकान स्टँडच्या फाटकाला चिकटूनच होतं, तेव्हा देवाला त्रास द्यायचं काही कारण नव्हतं.

त्या काचेच्या खोलीची गंमत अशी, की तिथून एकही गाडी दिसत नाही. काच आहे, पण काचेसमोर पाण्याची टाकी आहे. कुठली गाडी लागली, कुठली सुटतेय, हे तिला आतल्या कचेरीतून फोनवर कळवतात, आणि न पाहिलेल्या गाडीबद्दल ती छातीठोकपणे सगळ्यांना सांगते. हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हे बघ, काही झालं तरी गप्प बसायचं नाही. भोंगा गप्प झाला की माणसं घाबरतात. गाडी आली नाही तर 'थोड्याच वेळात येत आहे' म्हण. का आली नाही ते ठाऊक नसेल तर 'तांत्रिक कारणामुळे' म्हण. पण म्हण." ही शिकवण तिच्या इतकी अंगात मुरली, की घरी दूध उतू गेलं तरी ती आधी काहीतरी जाहीर करायची आणि मग गॅस बंद करायची. पुढचा सगळा घोळ या एका सवयीतून झाला.

दादाचं सांगायचं तर दादाला दिसत नव्हतं. चष्म्याची काच लहानपणापासून जाड जाड होत गेली आणि एका हिवाळ्यात तिचा उपयोगच संपला. चाक मात्र तो पूर्वीइतकंच सरळ करायचा. चाक फिरवायचा, कान जवळ न्यायचा, तारांवर बोट लावायचा आणि कुठली तार ढिली आहे ते हातानेच हेरायचा. बाकी स्वभावाने हट्टी, खवचट आणि गप्पिष्ट. घरात दोघंच. दोघांचं एका गोष्टीवर मात्र कायम एकमत, ते म्हणजे भुताचे सिनेमे.

हौस दोघांनाही दांडगी, पण दादाची छाती पहाडासारखी आणि हिची चिमणीएवढी. पाल पडली तर ही खुर्चीवर उभी राहायची. तरी भुताचा सिनेमा लागला की पहिल्या आठवड्यात तिकीट काढलेलंच. घाबरायला आवडतं म्हणजे नेमकं काय आवडतं, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिने "तांत्रिक कारणामुळे" असंच उत्तर दिलं असतं.

आणि सगळ्या भूतपटांत दोघांचा जीव की प्राण म्हणजे 'भिंतीतली'. परभाषेतला सिनेमा, खाली आपल्या भाषेत अक्षरं. एक नळ दुरुस्त करणारा माणूस असतो. त्याला एका जुन्या घरात ओल काढायला बोलावतात आणि राहायला तिथलाच मागचा भाग देतात. बायको, म्हातारी आई आणि जाड चष्म्याची, दोन वेण्या घातलेली मुलगी घेऊन तो येतो. भिंतीवर ओलीचा एक डाग असतो, बशीएवढा. तो पुसला तरी परत येतो. पुढे त्याला खांदे फुटतात, मग केस. त्या डागात एक बाई आहे हे घरात सगळ्यांच्या आधी त्या चष्मेवालीला कळतं, आणि ती तिच्याशी बोलायला लागते. पहिला भाग दादाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. चष्मा पुसत पुसत, पुढे वाकून, पण पाहिला. तो त्याने पाहिलेला शेवटचा सिनेमा. ती चष्मेवाली पोरगी त्याला इतकी आवडली, की बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "भुताला न घाबरणारं माणूस चष्मेवालंच असतं बघ."

दुसरा भाग आला तेव्हा दादाला दिसायचं थांबून काहीच दिवस झाले होते. दुकान बंद, दाढी वाढलेली, बोलणं तुटक. जेवायला बोलावलं तर "ठेव तिथे" एवढंच. भोंगाबाईने त्याला जवळजवळ ओढतच थिएटरात नेलं. "तू ऐक, मी सांगते," म्हणाली. शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यात बसून ती त्याच्या कानाशी पडदा वाचायला लागली. कोण आलं, कुठे उभं आहे, डाग केवढा झाला, खालची अक्षरं काय म्हणतात. दादा आधी मख्ख बसला होता. हळूहळू पुढे सरकला. मग "आता? आता?" असं विचारायला लागला. तिला इतका आनंद झाला की तिचा आवाज चढला आणि पुढचे लोक मागे वळून बघायला लागले.

आणि तेवढ्यात पडद्यावर ती चष्मेवाली भिंतीला हात लावायला गेली. संगीत थांबलं. भोंगाबाईने ओढणी तोंडावर घेतली आणि डोळे गच्च मिटले. किंकाळी ऐकू आली, काच फुटल्याचा आवाज आला. दादाने तिचं मनगट धरलं. "काय झालं? बोल ना! गप्प का?"

गप्प बसायचं नाही. ती मिटल्या डोळ्यांनी ठणकावून म्हणाली, "निसटली! चष्म्याची एक काच फुटली, पण ती निसटली. खिडकीतून उडी मारून पळाली!"

दादाने टाळी वाजवली. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा मोठ्याने हसला. "शाब्बास पोरी!" म्हणाला. भोंगाबाईने ओढणी खाली केली, तर पडद्यावर बाप भिंत नखांनी खरवडतोय, आई जमिनीवर पडलीय आणि खाली अक्षरं आलीत, 'माझी मुलगी गेली.' तिने दादाकडे पाहिलं. तो अजून हसत होता. त्या तोंडाकडे बघून ती अक्षरं वाचायची तिची छाती झाली नाही. ती म्हणाली, "सगळे रडतायत. आनंदाने."

दुसऱ्या दिवशी दादाने दाढी केली आणि दुकान उघडलं.

एक थाप पचली की तिला पिल्लं होतात. तिसऱ्या भागात नळवाल्याच्या घरात चष्मेवाली दिसेना, तेव्हा दादाने विचारलं, "ती कुठंय?" मग भोंगाबाईने तिला दूरच्या शाळेत घातलं. वसतिगृह दिलं, एक काच नवी बसवून दिली, पेटी घेऊन स्टेशनवर उतरवली. चौथ्या भागात तर ती आज्जीला वाचवायला ऐनवेळी दारात येऊन उभी राहिली. पडद्यावर म्हातारी एकटीच किंचाळत होती, पण भोंगाबाईच्या सिनेमात तिला नातीने हाताला धरून बाहेर काढलं. दादाला एकच कोडं पडायचं, एवढ्या हुशार पोरीला बोलायला वाक्यं का देत नाहीत? "ती मोजकंच बोलते," भोंगाबाई सांगायची. दादाला हेही पटलं. त्याने दुकानात येणाऱ्या शाळेच्या पोरांना चष्मेवालीच्या गोष्टी रंगवून सांगितल्या, आणि ती पोरं सिनेमा बघायच्या वयाची नव्हती हे भोंगाबाईचं नशीब.

झाकली मूठ अशीच राहिली असती. पण पाचवा भाग आला, आणि थिएटरवाल्यांना भलतीच हुक्की आली. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत, सगळे भाग एका बैठकीत!

दादा वेडाच झाला. दुकानात येईल त्याला धरून सांगायला लागला. "सुटे सुटे भाग बघण्यात अर्थ नाही. ओल कशी पसरते? रोज बघाल तर कळत नाही. पहिल्यात बशीएवढी, दुसऱ्यात दाराएवढी, चौथ्यात छतापर्यंत! एका दमात पाहिलं तरच अंगावर येते ती." पंक्चर काढायला आलेल्या माणसाची सायकल तयार होऊन उभी असायची आणि दादाचा तिसरा भाग चाललेला असायचा. घरी तो सकाळी उठल्या उठल्या विचारायचा, "तिकिटं नीट ठेवलीस ना?" भोंगाबाईलाही गुदगुल्या होत होत्या. पाच भाग! पाचवा तर तिनेही पाहिलेला नाही! तिने कचेरीत आधीच सुट्टी मांडून ठेवली, दोघांसाठी सँडविच करायचं ठरवलं, ओढणीसुद्धा जाडशी निवडून ठेवली.

मग एका संध्याकाळी दादा दुकानातून उड्या मारायचं तेवढं बाकी ठेवून आला. "ऐकलंस का? थिएटरात नवीन सोय झालीय. कानाला यंत्र लावायचं. पडद्यावर जे जे होतं ते आपल्या भाषेत सांगतो एक जण, संवादसुद्धा! माझ्यासारख्यांसाठीच! तुझा घसा सुटला बिचारा. तू आता आरामात बघ."

भोंगाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "त्याची काय गरज आहे रे? मी आहे ना."

"तू आहेसच. पण पाच भाग सलग म्हणजे स्टँडवरच्या गर्दीच्या दिवसापेक्षा वाईट."

तिने नाना खटपटी केल्या. यंत्राने कान दुखतात म्हणाली. दहा जणांनी वापरलेलं असतं, खरूज होते म्हणाली. शेवटी थिएटरच्या व्यवस्थापकबाईंना गाठून विचारलं, "ते यंत्र कधी बंदबिंद पडतं का हो?" त्या बाई अभिमानाने म्हणाल्या, "मुळीच नाही! तुम्ही अगदी निश्चिंत असा." इतकी निश्चिंत भोंगाबाई आयुष्यात कधी झाली नव्हती. त्या आठवड्यात ती काचेच्या खोलीत दोनदा चुकीच्या फलाटावर गाडी लावून बसली, आणि प्रवासी बिचारे इकडून तिकडे धावले.

तिला भीती सिनेमाची नव्हती. दादाचं सगळं जग तिच्या तोंडून जात होतं. कागदावर सही कुठे करायची, आलेला माणूस हसतोय की तोंड वाकडं करतोय, पाऊस दाटलाय की नुसतंच मळभ आहे, हे सगळं तो तिला विचारायचा आणि ती सांगेल ते खरं धरायचा. ज्या वर्षी त्याच्याकडे तिच्या शब्दाशिवाय काहीच नव्हतं, त्याच वर्षी तिने त्याला थाप मारली होती. हे त्याला कळलं, की पुढे तो तिचं काय म्हणून ऐकणार?

तो दिवस उजाडला. थिएटरच्या दारात ही गर्दी! कुणी तोंडाला राखाडी रंग फासून आलेलं, कुणी केस ओले करून, एका बाईने तर आपल्या पांढऱ्या साडीवर ओलीचा डाग रंगवून आणला होता. भोंगाबाईने "जरा वाट द्या" म्हटलं मात्र, चारपाच जण चपापून बाजूला झाले. "अहो, स्टँडवाल्या बाई ना तुम्ही? आवाजावरून ओळखलं!" दादा छाती काढून म्हणाला, "माझी बहीण." तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिला भाग झकास गेला. दादाने कानाला यंत्र लावलं होतं आणि तरीही तोच तिला सांगत होता. "आता बशीएवढा डाग येईल बघ. आता चष्मेवाली खिडकीशी बसलीय. डावीकडे वही आहे!" त्याला सगळं जसंच्या तसं आठवत होतं. भोंगाबाई विसरूनच गेली की पुढे दुसरा भाग आहे. डाग हलला तेव्हा सगळं थिएटर एका सुरात ओरडलं, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज तिचा होता.

दुसऱ्या भागात चष्मेवाली भिंतीकडे चालायला लागली, तेव्हा भोंगाबाईने ओढणी वर घेतली. या वेळी मात्र तिने पडद्यापासून तोंड लपवलं नव्हतं, दादापासून लपवलं होतं. किंकाळी झाली. काच फुटली. शेजारी काहीच हालचाल नाही. तिने ओढणीच्या फटीतून पाहिलं. दादा ताठ बसला होता. टाळी नाही, शाब्बास नाही.

मधल्या सुट्टीत दोघं बाहेरच्या बाकावर बसले. तिने सँडविच पुढे केलं. त्याने घेतलं नाही.

"खिडकीतून पळाली म्हणालीस."

"हं."

"कानातला तो बाबा म्हणतो, भिंतीतून हात आला आणि तिला आत ओढून घेतलं. जमिनीवर चष्मा तेवढा राहिला. त्या खोलीला खिडकीच नाही."

"दादा, मी डोळे मिटले होते रे. मला बघवत नाही तसलं. तू विचारलंस, मी बोलून गेले. आणि मग तू हसलास."

"डोळे मिटले होतेस?"

"दर वेळी मिटते."

"म्हणजे इतकी वर्षं शेजारी शेजारी दोन आंधळे बसून भूतपट बघत होते?" दादा म्हणाला. एरवी या वाक्यावर तो स्वतःच पोट धरून हसला असता. आता हसला नाही. "तिसऱ्यातली शाळा?"

"नव्हती."

"आज्जीला वाचवलं ते?"

तिने मान हलवली. मग आठवलं की त्याला मान दिसत नाही. "नाही वाचवलं," ती म्हणाली.

"मग आणखी काय काय रचलंस? माझ्या दुकानाची पाटी निळी आहे ना? की तीपण तांत्रिक कारणामुळे निळी आहे?"

"निळीच आहे रे. शपथ."

"कशावरून?"

दादा उठला, काठी टेकत खाण्याच्या खिडकीशी गेला आणि तिथल्या बाईला सरळ विचारलं, "ताई, माझा शर्ट कुठल्या रंगाचा आहे हो?" ती बाई गोंधळली. "हिरवा आहे. का हो?" "बटणं नीट लागलीत? डाग वगैरे?" "नाही हो, छान दिसतोय." भोंगाबाई बाकावरून हे सगळं ऐकत होती. सकाळी तिने त्याला हेच सांगितलं होतं, हिरवा शर्ट आहे, छान दिसतोस. आज त्याला ते परक्या बाईकडून तपासून घ्यावंसं वाटलं. तिचे डोळे भरून आले. भांडला असता, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

तिसरा भाग सुरू झाला. दादाने मुकाट्याने यंत्र कानाला लावलं. भोंगाबाईला करायला काहीच नव्हतं. कुणाला सांगायचं नाही, कुणी विचारत नाही. गप्प बसून भुताचा सिनेमा बघणं किती भयंकर असतं ते तिला त्या दिवशी कळलं. डाग आता दाराबाहेर पसरून शेजारच्या खोलीत घुसत होता आणि ती अंग चोरून एकटीच थरथरत होती. पुढच्या रांगेतली ती रंगवलेल्या साडीची बाई आपल्या मैत्रिणीच्या गळ्यात पडून किंचाळत होती. भोंगाबाईला तिचा हेवा वाटला.

मग दादाने यंत्र काढलं. हिच्या मांडीवर ठेवलं.

"ए भोंगा."

"काय?"

"हा बाबा नुसतं सांगतो, 'भिंतीवर मुलीचा फोटो. फोटोला धूळ.' ती स्टेशनवर कधी उतरते?"

"दादा, ती नाहीये रे."

"नाही कशी? पेटी होती तिच्याकडे. हिरवी. कडी तुटलेली होती, दोरी बांधली होती. ते तूच सांगितलंस. मला आठवतं."

"पण ते खोटं आहे."

"भुताचा सिनेमा आहे तो, त्यात खरं कुठून आणणार?" दादा अजून रागातच होता, पण राग आता नेहमीसारखा खवचट झाला होता. "हे बघ. शर्टाचं, सहीचं, पाटीचं खरं सांगायचं. त्यात एक अक्षर इकडचं तिकडे केलंस तर माझ्याशी गाठ आहे. भिंतीतलीचं तुला वाटेल ते सांग. त्या वर्षी ती मेली असती ना, तर मी दुकान उघडलं नसतं. एवढं कळतं मला."

भोंगाबाईने नाक ओढलं.

"पण एक अट आहे. डोळे उघडे ठेवायचे. आधी बघायचं आणि मग रचायचं. डोळे मिटून फेकलेली थाप मला चालणार नाही. मी आंधळा आहे, तू नाहीस."

"मला भीती वाटते."

"मग मला काय गुदगुल्या होतात? बोल आता. गप्प बसायचं नाही."

आणि ती बोलायला लागली. काय बोलली म्हणता! इतक्या वर्षांत न पाहिलेलं सगळं तिने त्या दिवशी पाहिलं. भिंतीतल्या बाईला बोटांना नखं नव्हती हे तिला पहिल्यांदाच कळलं. "शी! दादा, शी! तिच्या बोटांतून पाणी गळतंय!" "केवढं?" "नळ गळतो तेवढं!" ती खुर्चीवर पाय वर घेऊन, दादाचा दंड आवळून, डोळे टक्क उघडे ठेवून ओरडत होती, आणि मध्येच आवाज खाली आणून सांगत होती, "आणि चष्मेवाली आता स्टेशनवर उतरली. पेटी हातात आहे. पाऊस पडतोय, चष्म्यावर पाणी आलंय, तिला काही दिसत नाहीये." "पुसेल ती," दादा म्हणायचा, "ओढणीने पुसेल." रंगवलेल्या साडीची बाई मागे वळली. भोंगाबाईला वाटलं, आता ही दटावणार. ती बाई म्हणाली, "कुठल्या स्टेशनवर? मला कशी दिसली नाही?"

चौथ्या भागात तर नातीने आज्जीला वाचवलं तेव्हा पुढच्या दोन रांगांतून हसण्याचा आवाज आला आणि कुणीतरी टाळीही वाजवली. दादाने आता सँडविच मागून घेतलं, स्वतःचं संपवलं आणि तिचं अर्धं खाल्लं.

पाचवा भाग. कुणीच न पाहिलेला. थिएटरात कुणी खोकेना. नळवाला म्हातारा झाला होता, घरात एकटा होता. चारी भिंती काळ्या, छत काळं, फरशीसुद्धा ओली. भोंगाबाई सांगत होती. म्हातारा हातोडा घेतो. भिंत फोडतो. विटेच्या मागे वीट. आत अंधार. संगीत थांबलं.

तिला ही शांतता ठाऊक होती. हात आपोआप ओढणीकडे गेला. पापण्या मिटायलाच आल्या.

"गप्प का?" दादाने मनगट धरलं. "भोंगा, डोळे उघडे ना?"

तिने ओढणी सोडून दिली.

"हात आलाय," ती म्हणाली. "भिंतीतून हात आलाय. म्हातारा पळत नाहीये. त्याने हात धरला. दादा, तो ओढतोय! खांदा आला. केस... दोन वेण्या आहेत. दादा! दादा, चष्मेवाली! ती बाहेर आली! जिवंत आहे! तेवढीच आहे रे, वाढलीच नाही!"

सगळं थिएटर उठून उभं राहिलं होतं. शिट्ट्या, किंकाळ्या, टाळ्या, रंगवलेल्या साडीची बाई खुर्चीवर चढलेली. त्या गलक्यात दादा मात्र शांत बसून तिचा हात थोपटत होता.

"पुरे ग, पुरे," तो मायेने म्हणाला. "कळलं मला. छान रचलंस."

"रचलं नाही रे!"

"बरं, नाही रचलंस."

"अरे खरंच! देवाशप्पथ खरंच!" भोंगाबाई रडत होती, हसत होती, आणि दादा तिचं खरं मानत नव्हता. तिने मांडीवरचं यंत्र उचललं आणि दादाच्या कानांवर दाबून धरलं, दोन्ही हातांनी.

दादा ऐकत राहिला. त्याचं थोपटणं थांबलं. तोंड जरासं उघडं राहिलं. मग त्याने सावकाश तिचे हात बाजूला केले, यंत्र काढलं, आणि पडद्याकडे तोंड करून, जणू दिसतंय असा पुढे वाकून बसला.

"चष्मा आहे?" त्याने विचारलं.

तिने डोळे पुसून नीट पाहिलं. बापाने इतकी वर्षं खिशात जपलेला चष्मा काढला होता आणि तो पोरीच्या डोळ्यांवर बसवत होता.

"आहे," ती म्हणाली. "एक काच फुटलेली आहे."

"मग?" दादा म्हणाला. "तू सांगितलं होतंस ना, निसटली म्हणून."